फळ्यावरची झेलम

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात खराटा टिकत नाही. नवा आणला की आठ दिवसांत त्याचे निम्मे हीर नाहीसे होतात. अंगण झाडता झाडता आमची ही मध्येच थांबते, हातातल्या त्या केविलवाण्या जुडग्याकडे पाहते आणि मग खिडकीतून माझ्याकडे पाहते. मी लगेच वहीत डोके खुपसतो. ते हीर कुठे गेले हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. सिकंदराच्या पायदळाला भाले लागतात. साधेसुधे नव्हेत, पंधरा ते अठरा फूट लांब, दोन्ही हातांनी पेलायचे. मातीच्या मावळ्याच्या हातात तसला भाला प्रमाणात बसवायचा तर खराट्याच्या हिरासारखी दुसरी वस्तू नाही.

मावळा आणि सिकंदराच्या सैन्यात? आपण बुचकळ्यात पडला असाल. पण खरोखरच आमच्याकडे तसे घडले आहे. दरवर्षी दिवाळीत गल्लीतली मुले आमच्या अंगणात किल्ला करतात. त्यावरची मातीची चित्रे पुढे वर्षभर आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात विश्रांती घेतात. तीच मी जूनमध्ये खाली काढली, त्यांच्या हाती हीर दिले, आणि त्यांना इसवी सनापूर्वी ३२६ या वर्षी झेलमच्या काठावर नेऊन उभे केले.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. गेली तीन वर्षे पोरस राजावर एक कादंबरी चालली आहे. पोरस हे ग्रीकांच्या तोंडी बसलेले नाव. मूळ शब्द पौरव असावा असे पंडित म्हणतात. आपल्याकडच्या प्राचीन ग्रंथांत या लढाईचा मागमूस नाही. जे काही कळते ते सारे जिंकणाऱ्याच्या बाजूचे, आणि तेही मागाहून लिहिलेले. अॅरियन हा त्यांतला सर्वांत भरवशाचा. पण तोसुद्धा लढाईनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहायला बसला. पोरसाचे हत्ती तो २०० सांगतो, डायोडोरस १३० सांगतो आणि कर्टियस ८५. जिथे हत्तीसारख्या जनावराची शिरगणती जमत नाही, तिथे माणसांच्या मनातले काय कळणार! तिथूनच कादंबरीकाराचे फावते.

माझेही फावले होते. विशेषतः रथांच्या प्रकरणात. सिकंदर पावसाच्या रात्री नदी ओलांडून आला, तेव्हा त्याला अडवायला पोरसाने आपल्या मुलाला २,००० घोडेस्वार आणि १२० रथ देऊन पुढे पाठवले. रथ चिखलात रुतले. चारशे स्वार पडले, त्यांत तो मुलगाही गेला. हे प्रकरण मी एका रात्रीत एकटाकी लिहून काढले होते. त्यात एक वृद्ध मंत्री राजाला हात जोडून सांगतो, 'महाराज, युवराजांना पाठवू नका.' राजा मिशीवर हात फिरवून हसतो. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूष झालो होतो. राजाच्या गर्वाची कशी छान शोकांतिका झाली!

अशा सुखात असताना बंगळूरला असणारा माझा भाचा आला आणि त्याने एक पातळसे इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवले. "मामा, तुम्ही लढाया लिहिता ना, मग त्या एकदा लढूनही बघा." प्राचीन लढाया टेबलावर लढण्याच्या नियमांचे ते पुस्तक. नाव लॅटिन: 'डी बेलिस अँटिक्विटाटिस'. इंग्लंडात फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९० साली पहिल्यांदा काढले. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. त्यातून बार्करसाहेबांची वाक्ये अशी, की एकेका वाक्यात तीन नियम, दोन अपवाद आणि अपवादाला पुन्हा अपवाद. पहिले पान उलगडायला मला दोन रविवार लागले. पुढे भाच्याकडून कळले, की खुद्द इंग्रज खेळाडूही त्यांच्या या भाषेची थट्टा करतात. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

खेळ मात्र मुळात सरळ आहे. दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या. आपली पाळी आली की फासा टाकायचा. जितके दान पडेल, तितकेच हुकूम त्या पाळीत देता येतात. ओळीत एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या एकाच हुकमाने हलतात. पण रांग विस्कटली, की प्रत्येकीला वेगळा हुकूम मोजावा लागतो. दोन तुकड्या भिडल्या म्हणजे दोघांनी फासा टाकायचा आणि त्यात आपापले अंगचे गुण मिळवायचे. ज्याची बेरीज कमी तो मागे सरतो. समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी भरली तर बहुधा संपतोच. चार तुकड्या गमावल्या, आणि त्या शत्रूपेक्षा जास्त असल्या, की लढाई हरलात.

बुद्धिबळात आपण जन्मभर खेळत आलो ते युद्ध यापेक्षा फारच आज्ञाधारक म्हणायचे. तिथे हत्ती सरळ जा म्हटले की सरळ जातो. इथे फाशावर एक पडला म्हणजे एवढे मोठे सैन्य उभे असून तुमचा शब्द फक्त एकाच्याच कानापर्यंत पोचतो.

शाळेने बाद केलेला एक मोठा लाकडी फळा मी रीतसर पंचवीस रुपये भरून घरी आणला होता. तो पडवीत चार विटांवर आडवा टाकला. खडूने त्यावर झेलम काढली, तिच्यात बेट काढले. कुणाची बाही लागली की नदीचा काठ पुसला जाई आणि नदी पात्र बदली; पण पंजाबातल्या नद्यांनी खरोखरच इतकी पात्रे बदलली आहेत, की त्यात मोठेसे वावगे नव्हते. हत्ती जत्रेतून आणलेले होते. रथ मात्र कुठे मिळेनात, म्हणून नववीत असलेल्या माझ्या मुलीने ते काडेपेट्यांचे केले आणि त्यांना शर्टाच्या गुंड्यांची चाके लावली. या गुंड्या कुणाच्या शर्टाच्या, हेही घरात पुढे उघडकीला आले.

हिच्या समाधानासाठी मी मोठमोठे दाखले दिले. एच. जी. वेल्ससारखा जगप्रसिद्ध कादंबरीकार घराच्या जमिनीवर पालथा पडून शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळे आणि त्याने १९१३ साली त्या खेळाचे पुस्तकही लिहिले. स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर असाच खेळत बसे. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्यांच्या घरी खराटे कोण आणून देत होतं?"

आता खेळाला दुसरा गडी हवा होता. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. सकाळी गाईला चारा घालावा, दुपारी शेंगा निवडाव्या, संध्याकाळी आमच्या पडवीत चहाला यावे, असा त्यांचा नेम. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. गल्लीतल्या पोरांनी मांडलेला पसारा असेल अशा समजुतीने ते हसले. पण हुकमांचा नियम ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे बाकी खरं आहे, मास्तर. एक पडला म्हणजे समजायचं, वायरलेस बंद." त्या दिवसापासून पोरसाचे सैन्य त्यांचे झाले. सिकंदर मी. मुलगी पंच.

मला वाटले होते, दोन-चार डावांत काय ते कळेल. पण मुलीने पाटीवर गणित मांडून दाखवले. दोन फाशांचे छत्तीस प्रकार. दोघांचे गुण सारखे असले तर पंधरा वेळा तुमची सरशी, पंधरा वेळा माझी, सहा वेळा बरोबरी. तुमचे गुण दोनांनी जास्त असले तर सव्वीस वेळा तुम्ही, चार वेळा बरोबरी, आणि तरीही सहा वेळा मीच जिंकतो. तेव्हा एका डावावरून कुणी मिशीला पीळ भरू नये आणि कुणी उतरवूही नये. तोच बेत दहा-दहा वेळा खेळावा, मधून बाजू बदलाव्या, एका वेळी एकच नियम बदलावा, आणि सारे वहीत टिपून ठेवावे. माझी दोनशेपानी वही अशीच भरली. कादंबरीची वही मात्र त्या दोन महिन्यांत कोरी राहिली.

पहिल्यांदा आम्ही नदीचे प्रकरण बाजूला ठेवले आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी करून सुरुवात केली. पुढे अंतराअंतराने हत्ती, मागे पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ आणि रथ. अॅरियनने सांगितलेली पोरसाची मांडणी. आणि पहिल्या दहा डावांत पोरस सहा डाव जिंकला!

सुभेदारांनी चहात खारी बुडवून खाल्ली. मी अस्वस्थ. इतिहासात तर पोरस हरला आहे. म्हणजे नियमांत कुठेतरी चूक असणार. रात्री मी गुपचूप हत्तीचा एक गुण कमी केला. पुढच्या दहांत पोरस आठ डाव हरला आणि माझे मन शांत झाले. चोरी पकडली ती मुलीने.

"बाबा, हत्तीचा एक गुण का कापला?"

"अगं, हत्ती बिथरतात ना! स्वतःचीच माणसं तुडवतात."

"त्याचा नियम वेगळा आहेच की. मागे सरला तर वाटेत येईल त्याला चिरडतो. मग एकाच चुकीला दोनदा शिक्षा कशी? तुम्ही पेपर तपासता आहात, की मार्क आधीच ठरवून ठेवलेत?"

वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला याहून झोंबणारा प्रश्न नाही. मी गुण परत दिला. तेवढ्यात संधी साधून सुभेदार म्हणाले, "मग पोरी, हत्तीला दोन वाढवून दे. आपले हत्ती आहेत." तिने त्यांनाही तितक्याच कडकपणाने नकार दिला. त्या दिवशी एक घरगुती कायदा ठरला: ज्याला कुठल्या तरी जुन्या ग्रंथात आधार आहे, तेवढाच नियम घालायचा; आणि तो घातल्यावर जो निकाल लागेल तो मुकाट्याने सोसायचा.

मग आम्ही पुन्हा ग्रंथ उघडले. काय राहून गेले होते? पाऊस राहिला होता. हिंदी धनुर्धरांचे धनुष्य माणसाच्या उंचीचे. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून धरायचे. कर्टियस म्हणतो, निसरड्या जमिनीवर ते टेकेनाच. म्हणजे ओल्या जमिनीवर धनुर्धरांचे गुण घटले. दुसरे राहिले होते ते कोइनस या सरदाराचे घोडदळ. सिकंदराने त्याला वळसा घालून पिछाडीवर पाठवले होते. तेही घातले. आता डाव कुठे बिघडतो ते डोळ्यांनी दिसू लागले. हत्तींसमोर माझे घोडदळ उभे राहू शकत नव्हते. मधली फळी सुभेदारांची भक्कम होती. पण बगलेचे घोडदळ दोन्हीकडून दाबले गेले, की ते मागे सरत सरत हत्तींच्याच अंगावर येई. मग हत्तींना वळायला जागा नाही, रांग विस्कटलेली, प्रत्येकाला वेगळा हुकूम हवा, आणि फाशावर नेमका एक!

पाचव्या की सहाव्या डावाला सुभेदार फळ्याकडे पाहत म्हणाले, "मास्तर, हत्ती शेवटी बिथरले. लढाई त्याच्या आधीच गेली होती."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. कारण वीस वर्षे मी वर्गात काय शिकवत आलो? पोरस का हरला, तर हत्ती उलटले म्हणून. दोन मार्कांचे उत्तर. अॅरियनच्या पुस्तकात क्रम अगदी सुभेदार म्हणतात तसाच आहे: आधी घोडदळ रेटले गेले, मग हत्ती कोंडले, मग माहूत मारले गेले, आणि मग ती जनावरे शत्रूमित्र न पाहता तुडवू लागली. मी ते वाचलेही होते. पण हत्ती ही वस्तूच एवढी मोठी, की तिच्यामागचे काही दिसत नाही.

यापुढे आमचा खरा खेळ सुरू झाला, तो नदीचा. सिकंदराची मुख्य छावणी एका काठावर, समोर पोरस. सिकंदर रोज रात्री काठाने घोडदळ पिटाळी, आरोळ्या ठोकी, आणि पोरस तेवढ्या वेळा हत्ती घेऊन काठाकाठाने धावे. पुढे पोरसाने ते सोडून दिले. आम्ही याला असा नियम केला: मी रोज रात्री एका चिठ्ठीवर 'हूल' किंवा 'खरे' लिहून पंचाकडे द्यायचे, सुभेदारांनी हत्ती न्यायचे की नाही ते सांगायचे, नेले आणि हूल निघाली तर हत्ती दमणार. सुभेदारांनी पहिल्या तीन रात्री हत्ती नेले. चौथ्या रात्री म्हणाले, "आता झोपू द्या त्यांना."

'लांडगा आला रे' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि खोटे बोलणाऱ्या पोराची निंदा करतो. गावकऱ्यांच्या बाजूने ती गोष्ट कुणी सांगत नाही. रोज धावून दमलेले, उद्या पुन्हा शेतावर जायचे असलेले गावकरी. त्यांनी चौथ्यांदा काय करायला हवे होते?

आणि एका पावसाच्या रात्री सिकंदर खरोखरच आला. छावणीपासून सुमारे २७ किलोमीटर वर, झाडीने भरलेल्या बेटाच्या आडून. वरती विजा कडाडत होत्या, त्यामुळे शिपायांचा गलबला ऐकू गेला नाही. गंमत म्हणजे पलीकडे उतरलो असे समजून तो उतरला ते दुसऱ्याच एका बेटावर; मध्ये अजून एक फाटा होता, आणि त्यात माणसे छातीभर बुडत होती. एवढा मोठा सेनापती, पण अंधारात नदीने त्यालाही फसवले.

पहाटे पोरसाला बातमी गेली. आमच्या पंचाने ती सुभेदारांना दिली, "आजोबा, वरच्या अंगाला शत्रू उतरतोय. किती, ते कळत नाही. समोरच्या काठावर छावणी तशीच आहे. तिथेही सैन्य दिसतंय."

ही खरी गोम होती. समोरच्या काठावर क्रॅटेरस नावाचा सरदार ठेवलेला होता, आणि त्याला हुकूम असा, की पोरस हत्ती घेऊन वर गेला तर नदी ओलांड. हत्ती इथेच ठेवून थोडे सैन्य वर पाठवले तर जागचा हलू नकोस. हे पोरसाला ठाऊक नव्हते. पण समोर सैन्य उभे आहे हे त्याला दिसत होते. सगळे घेऊन वर जावे तर पाठ उघडी पडते. इथेच बसावे तर वरचा शत्रू सावकाश, सुखरूप उतरतो. उरते ते एकच: जे सर्वांत वेगाने जाईल ते पुढे धाडायचे. म्हणजे घोडेस्वार आणि रथ. म्हणजे मुलगा.

सुभेदार मात्र पाठवीनात.

"रथ राहू द्या इथंच," ते म्हणाले. पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मला आतून बरेच वाटले, कारण माझ्या कादंबरीतला वृद्ध मंत्री हेच तर सांगत होता! पण डाव काही वेगळेच बोलत होते. रथ न पाठवता खेळलेल्या सहा डावांपैकी पाच डाव पोरस हरला, आणि पूर्वीपेक्षा लवकर हरला. माझा सिकंदर आरामात फाटा ओलांडून, रांगा लावून, ओले भाले पुसून चालत येई. माझ्या मंत्र्याचा सल्ला फळ्यावर सपशेल नापास होत होता. मला राग आला. स्वतःचाच असणार, पण निघाला तो सुभेदारांवर.

"काका, एकदा तरी पाठवून बघा ना! काडेपेटीचा तर रथ आहे!"

सुभेदारांनी हातातला फासा हलकेच फळ्याच्या कडेला ठेवला. टोपी डोक्यावर घातली. चहा तसाच राहिला. "येतो," म्हणाले आणि गेले. मग आठ दिवस आले नाहीत.

पडवीत फळा मांडलेलाच होता. खडूची झेलम हळूहळू पुसट होत चालली. मुलगी शाळेतून आली की फळ्याकडे पाही आणि काही न बोलता आत जाई. नवव्या दिवशी हीच म्हणाली, "अहो, खेळ तुमचा असेल, पण माणूस शेजारचा आहे. जाऊन या."

मी गेलो. सुभेदार ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी थोडे सरकून जागा केली. मीही चार शेंगा ओढून घेतल्या. 'चुकलं माझं' हे शब्द जुळवत होतो. पण तेच बोलू लागले.

"मी हवालदार होतो तेव्हाची गोष्ट. रात्रीचा पाऊस होता. पुढं ओढा. पाणी किती, पलीकडं कोण, कळायला मार्ग नाही. एकानं पुढं जाऊन बघायचं. नाव मी घ्यायचं होतं. आठ जण होते. त्यात एक पोरगं अंगानं हलकं, पायानं चपळ, रात्री मांजरासारखं चालायचं. त्याचंच नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं, तर ती चूक झाली असती."

शेंगा फोडण्याचा आवाज तेवढा होत राहिला. पुढे काय झाले ते मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

"लोकांना वाटतं, पुढं धाडतात तो नावडता असतो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "उलट असतंय, मास्तर. जो सगळ्यांत बरा, त्यालाच धाडावं लागतं. आणि तुमच्या पुस्तकात तो राजा हसतो म्हणाला होतात ना? हसत नसतो कुणी."

घरी येऊन मी रथांचे प्रकरण काढले. दिवा मोठा केला आणि वाचू लागलो. आता मला तो वृद्ध मंत्री चांगलाच ओळखू आला. तो कुठल्या दरबारातला नव्हता. तो मीच होतो. त्याला पुढचे सारे ठाऊक होते, कारण त्याने अॅरियन वाचला होता. पोरसाने वाचला नव्हता. ज्याला शेवट माहीत आहे तो माणूस मी त्या अंधारात, ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या शेजारी उभा केला होता, आणि वर दुसऱ्याला गर्विष्ठ ठरवले होते. शिवाय हे सारे घरी, कोरड्या खोलीत, खुर्चीवर बसून.

मंत्र्यावर काट मारली. एकदम चौदा पाने गेली. कादंबरीकाराला पाने कापताना किती यातना होतात ते इतरांना सांगून कळायचे नाही. पण त्या रात्री झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुभेदार आले. नवी झेलम त्यांनीच खडूने काढली; माझ्यापेक्षा बरी काढली. मग म्हणाले, "पाऊस किती ते पोरीनं ठरवावं. आपल्याला सांगू नये." तेव्हापासून पंच आधीच एक फासा टाकून दान डब्याखाली झाकून ठेवू लागली. रथ कितपत रुतणार, ते भिडल्यावर कळायचे. आणि सुभेदारांनी रथ पाठवले. फासा मात्र स्वतः टाकला नाही. मुलीच्या हातात दिला.

जमीन कोरडी निघाली त्या दोन डावांत रथ वेळेवर पोचले, आणि माझे निम्मे सैन्य फाट्यात छातीभर पाण्यात असताना त्यांनी मला गाठले. माझी जी त्रेधा उडाली ती विचारू नका. गंमत पाहा: सिकंदराबरोबर प्रत्यक्ष असलेल्या अॅरिस्टोबुलसने जवळजवळ हेच लिहून ठेवले होते, की तो मुलगा साठ रथ घेऊन वेळेवर आला होता आणि तिथेच उतरून भिडला असता तर सिकंदराला शेवटचा फाटा ओलांडता आला नसता, पण रथ तसेच पुढे निघून गेले. टॉलेमीला हे मान्य नाही, आणि अॅरियन टॉलेमीची बाजू घेतो. खरे कुणाचे, हे आमच्या फळ्यावर ठरणार नाही. पण रथ पाठवणे हा शहाणा बेत होता, एवढे आम्हाला मान्य करावे लागले. चिखल नंतरचा.

एकूण किती डाव झाले ते आता मोजत नाही. पोरस अधूनमधून जिंकतो, बहुधा हरतो. हरला तरी सुभेदार शेवटचा हत्ती फळ्यावरून उचलत नाहीत. १९४१ साली निघालेला सोहराब मोदींचा 'सिकंदर' त्यांनी पलटणीत असताना पडद्यावर पाहिला होता. त्यातला मोदींचा पोरस सिकंदराला, म्हणजे पृथ्वीराज कपूरला, काय उत्तर देतो ते त्यांना पाठ आहे. पण त्या उत्तराविषयी ते फारसे बोलत नाहीत. त्यांना वेगळाच प्रश्न पडतो. जखमी पोरसाजवळ त्याचा जुना स्नेही मेरोस येऊन बोलला आणि मग तो हत्तीवरून उतरला, असे अॅरियन सांगतो. "उतरल्यावर पहिल्यांदा त्यानं पोराचं विचारलं असेल," सुभेदार म्हणतात. ग्रंथात याला आधार नाही. आमच्या कायद्याप्रमाणे हा नियम घालता येत नाही. कादंबरीत मात्र मी तो घातला आहे.

नवे प्रकरण लिहून झाले. त्यात राजा हसत नाही. तो फक्त विचारतो, वाटेत चिखल किती आहे. आणि अंधारामुळे कुणालाच ते सांगता येत नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी गल्लीतली मुले येऊन थडकली. "सर, आमची चित्रं!" माझे काही चालेना. मॅसिडोनियाचे सारे पायदळ हातातले हीर टाकून पुन्हा मावळे झाले आणि अंगणातल्या किल्ल्यावर पहाऱ्याला उभे राहिले. हिने ते हीर गोळा केले, मोजल्यासारखे केले आणि एकही शब्द न बोलता सुतळीने बांधून टाकले. फळा भिंतीला टेकवून ठेवला. हत्ती मुलांनी किल्ल्याच्या पायथ्याशी बांधले. काडेपेटीचा रथ उरला. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यावर रथ कसा, यावर मुलांचा बराच वाद झाला. शेवटी एकाने तो पायथ्याच्या वाटेवर, अगदी पुढे, नुकत्याच पेरलेल्या अळिवाच्या ओल्या मातीत ठेवून दिला.

संध्याकाळी सुभेदार करंज्यांचे ताट घेऊन आले. ताट हिच्या हाती दिले आणि नेहमीप्रमाणे किल्ल्याला फेरी घातली. आकाश भरून आले होते. यंदा दिवाळीतही पाऊस रेंगाळलाच आहे. रथापाशी ते थांबले. खाली वाकून त्यांनी तो उचलला, गुंडीच्या चाकाला लागलेली माती अंगठ्याने पुसली, आणि हात लांब करून दरवाजाच्या आत, पणतीच्या बाजूला नेऊन ठेवला.

"तिथं नको रे बाळांनो," ते मुलांना म्हणाले. "रात्री पाऊस येईल."